शिर्केकाका नाटकात घुसतात

शिर्केकाकांनी आजवर आमचं नाटक सतरा वेळा बंद पाडलं आहे. दगड मारून नव्हे हं. दगड मारले असते तर एक वेळ परवडलं असतं, पेपरात नाव तरी आलं असतं. काका प्रेक्षकांतून उठतात, उजवा हात वर करतात, "थांबा! मी येतो!" असं ओरडतात आणि सरळ नाटकात घुसतात. आणि त्यांना अडवायची सोय नाही, कारण आमंत्रण आम्हीच दिलेलं असतं.

सांगते. मी बडोद्यात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमचा सात जणांचा पथनाट्याचा ग्रूप आहे. मी त्याची डायरेक्टर, म्हणजे चटया उचलणारी. आम्ही चौकात दहा मिनिटांचा एक प्रसंग करतो. त्यात कुणावर तरी अन्याय होतो. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करतो आणि लोकांना सांगतो, की कुठेही वाटलं तर "थांबा" म्हणा, आत या, एखाद्या पात्राची जागा घ्या आणि त्याने काय वेगळं करायला हवं होतं ते करून दाखवा. कल्पना फारच सुंदर आहे. फक्त आत कुणी येत नाही. लोक शेव-उसळ खात खात मोबाईलवर आमचं शूटिंग करतात आणि संपल्यावर "सरस, सरस" म्हणून निघून जातात.

काका मात्र दर वेळेला येतात.

बडोद्यातल्या वासणा भागात आमच्या खालच्या मजल्यावर ते आणि काकू राहतात. एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात त्यांची नोकरी झाली. कोण किती वाजता आला, कोण किती मिनिटं उशिरा आला, हे लिहायचं काम. रिटायर झाले तरी लिहिणं तेवढं सुटलं, बघणं सुटलं नाही. जिन्यात भेटले की "केम छो" नाही, "कशी आहेस" नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं घड्याळ बघतात आणि म्हणतात, "आज चार मिनिटं लेट." माझ्या आईला तर एकदा म्हणाले होते, "केतकीच्या आई, आज तुमचा कुकर नऊ मिनिटं लेट झाला. सगळं ठीक आहे ने?"

दुसरी गोष्ट म्हणजे पणजोबा. काकांचे पणजोबा सरकारच्या, म्हणजे महाराजांच्या पलटणीत होते. "माघार आमच्या रक्तात नाही," हे वाक्य काका दिवसातून एकदा तरी म्हणतात. काकू म्हणतात, खरं आहे, स्कूटरसुद्धा मागे घेत नाहीत, सगळ्या सोसायटीला वळसा घालून येतात.

तर आमचा पहिला प्रयोग. मुलीला कॉलेजला जायचंय, बाप नाही म्हणतो. जिग्नेश बाप झाला होता. आमच्याकडे सगळे दुष्ट जिग्नेशच करतो, त्याला मिशी आहे. प्रसंग दुसऱ्यांदा सुरू झाला आणि मागून आवाज आला, "थांबा! मी येतो!" आम्हाला इतका आनंद झाला की आम्ही टाळ्या वाजवल्या. काका आत आले, जिग्नेशला बाजूला सारलं, बाप झाले आणि मुलीला म्हणाले, "जा बेटा, शिक. फी भरलीय. स्कूटी घेऊ का?" नाटक खलास! मग घड्याळात बघून आम्हालाच विचारलं, "चाळीस सेकंदांत झालं. दुसरा अन्याय आहे का काही?"

मी त्यांना समजावलं, की काका, दुष्ट माणसाची जागा घ्यायची नाही. दुष्ट आपोआप चांगला झाला तर नाटक कशाला करायचं? ज्याच्यावर अन्याय होतो त्याची जागा घ्या, नाहीतर बाजूला बसून नुसतं बघणारा जो असतो, त्याची घ्या.  काका म्हणाले, "बघणारा. तो माझा. नक्की!"

तेव्हापासून काका कायम बघणाराच होतात. बसमधे मुलीला छेडण्याचं नाटक होतं, त्यात ते मागच्या सीटवरचे प्रवासी झाले. खिशातून शिट्टी काढून वाजवली, म्हणजे शिट्टी घरून घेऊनच आले होते, आणि जिग्नेशचा कान असा काही पिरगळला की तो खरोखरचं ओरडला. त्याचा कान दोन दिवस लाल होता. तो मला म्हणाला, "केतकी, सामाजिक न्याय बरोबर छे, पण मारा कानचं काय?"

शेवटी आम्ही वैतागून काकांना खोटी जागा सांगितली. प्रयोग शहरातल्या वाडी भागात होता, त्यांना अकोट्याचा चौक सांगितला. वाडीच्या गल्लीत आम्ही चटई पसरतोय तोवर स्कूटर आलीच, पुढे पायाशी त्यांची घडीची खुर्ची. "सात मिनिटं लेट आहात, डायरेक्टरसाहेब," काका म्हणाले. आईने पत्ता दिला होता. वाटीभर शाक द्यायला गेली आणि पत्ताही देऊन आली. असली आई असल्यावर बाहेरचे शत्रू हवेत कशाला?

मग आम्ही कपाचं नाटक बसवलं.

गोष्ट साधी होती. एक ऑफिस, चहाची वेळ. सगळ्यांना एकसारखे कप-बशी, आणि झाडू मारणाऱ्या माणसाचा कप वेगळा, बारीत म्हणजे खिडकीत ठेवलेला. त्याने तो स्वतः घ्यायचा, वरून ओतलेला चहा बाहेर पायरीवर बसून प्यायचा, स्वतः विसळायचा आणि परत बारीत ठेवायचा. कारण? जात, दुसरं काय! गुजरातेत अशा वेगळ्या ठेवलेल्या भांड्याला रामपातर म्हणतात. काम असलं आणि त्याला नाव देवाचं! मला भयंकर राग आला होता आणि त्या रागातच मी ते नाटक लिहिलं. लिहून झाल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर आमच्याच बारीत शारदाबेनचा स्टीलचा पेला उपडा. आमच्याकडे कामाला येतात त्या शारदाबेन. वीस वर्षं मी त्या बारीतून पतंग बघितले, पेला बघितला नाही. आईशी कडाक्याचं भांडले. आई म्हणाली, "तुला आत्ता दिसला?"  पेला त्या दिवसापासून बाकीच्या पेल्यांत गेला, पण आईचं ते वाक्य काही जात नाही.

पहिल्या प्रयोगाला काका पहिल्याच रांगेत, खुर्ची टाकून. प्रसंग पुन्हा सुरू झाला. जिग्नेशने वरून चहा ओतला. आम्ही सगळे कान देऊन उभे, आता ओरडतील, मग ओरडतील. काका बसूनच राहिले. दुसऱ्या प्रयोगालाही तेच. तिसऱ्यालाही तेच. जिग्नेशने पेढे वाटायचं ठरवलं होतं, पण मला काही ते बरं वाटेना. रोज भुंकणारा कुत्रा एकदम गप्प झाला तर झोप लागते का? काका, माफ करा, पण तस्संच वाटलं.

तिसऱ्या प्रयोगानंतर ते खुर्ची मिटत म्हणाले, "डायरेक्टरसाहेब, हे एकदा सावली गावाला कराल? सगळी व्यवस्था मी करतो."

आणि केली. रविवार, दुपारी साडेचार, एस.टी. स्टँडजवळचा चौक, समोर चहाची लारी, म्हणजे हातगाडी. बाकीचे सामान घेऊन बसने गेले आणि मला काकांनी स्कूटरवर मागे बसवलं. वाटेत ते बोलायला लागले, हेल्मेटच्या आतून, वाऱ्यावर ओरडत. मला अर्धं ऐकूच येईना. "काय? काय?" असं मी करतेय, तोवर एकदम स्पष्ट ऐकू आलं.

"आमच्या ऑफिसात होता! बारीत! कान तुटलेला कप! मनुभाईचा!"

मी पुढे वाकून कान दिला.

"सव्वीस वर्षं! मी टेबलावर, तो पायरीवर! सगळ्या कंपनीत कोण दोन मिनिटं लेट आला ते मला दिसायचं, आणि हे दिसत नव्हतं? दिसत होतं! रोज म्हणायचो, आज सांगतो. आत ये, इथे बस. एवढंच तर म्हणायचं होतं! भ्यालो. साहेब काय म्हणतील, बाकीचे काय म्हणतील. भ्यालो मी!"

पणजोबांची पलटण माझ्या अगदी जिभेवर आली होती. देवाच्या दयेने मी तोंड बंद ठेवलं.

पुढे एका वळणावर काकांनी स्कूटर हळू केली, त्यामुळे आवाजही हळू झाला. "माझी आई गेली तेव्हा सगळ्यांच्या आधी तो आला होता. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. मी त्याला पाणी विचारलं नाही, केतकी. पेला वेगळा काढावा लागला असता ना. म्हणून विचारलंच नाही."

डायरेक्टरसाहेब सोडून त्यांनी मला नावाने हाक मारली ती तेव्हा पहिल्यांदा.

मनुभाई रिटायर होऊन सावलीला राहतात, हे काकांनी कुठून कुठून शोधून काढलं होतं. फोन केला होता, नाटकाला या म्हणून. मनुभाई म्हणाले होते, "जोईशुं." म्हणजे बघू. बडोद्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा, जोईशुं म्हटलं की माणूस बहुतेक येत नसतो.

चौकात पन्नासेक माणसं जमली. काका मान वळवून वळवून बघत होते. चार पस्तीस झाले. मी सुरुवात करायला निघाले तर ते म्हणाले, "दोन मिनिटं थांब ने." शिर्केकाकांनी कुणाला दोन मिनिटं दिली, हे काकूंना सांगितलं तर त्या दृष्ट काढतील. शेवटी मीच म्हटलं, आता करूया. आणि तेवढ्यात त्यांचा चेहरा बदलला. लारीपाशी एक उंच म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री.

प्रसंग झाला. पुन्हा सुरू झाला. जिग्नेशने चहा ओतायला किटली उचलली आणि काका उभे राहिले. "थांबा! मी येतो!"

आत येऊन ते टेबलावरच्या कारकुनाच्या जागी बसले. खिशातून कागद काढला. भाषण लिहून आणलं होतं, दोन्ही बाजूंनी. कागदाकडे बघत राहिले. ज्या माणसाला गप्प बसवायला आम्ही खोटे पत्ते दिले, त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. मग एकदम उठले, तरातरा नाटकातल्या बारीपाशी गेले, तो वेगळा कप उचलला आणि स्वतःच तोंडाला लावला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

"ऊभा रहो!"

ऊभा रहो म्हणजे थांबा. टाळ्या थांबल्या. मनुभाई छत्री टेकत आत आले. "एम नहीं, असं नाही, शिरकेसाहेब," ते म्हणाले. एवढं बोलून ते आमच्यासारखंच बडोद्याचं मराठी बोलायला लागले. "हा कप माझा आहे. सव्वीस वरस मी याच्यात चहा प्यायलो, कुणी ताळी नाही वाजवली. तुम्ही एकदा तोंडाला लावला, तर एवढ्या ताळ्या?"

काकांच्या हातातला कप तसाच राहिला. 

"मला तुमच्या जागी बसायचं होतं. तुम्ही माझ्या जागी यायचं नव्हतं," असं म्हणून मनुभाई टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. छत्री शेजारी टेकवली आणि जिग्नेशला म्हणाले, "भाई, चहा. बशीसकट."

जिग्नेशने घाबरत कप-बशी पुढे केली. मनुभाईंनी रिकाम्या कपात डोकावून बघितलं. "खाली छे," ते म्हणाले. "खोटी चा नाही चालणार."

नाटकातला चहा खोटाच असतो. जिग्नेश मिशीसकट लारीवर पळाला आणि खरा चहा घेऊन आला. मनुभाईंनी तो बशीत ओतला, फुंकर मारली आणि प्यायला लागले. अगदी सावकाश. पन्नास माणसं एका माणसाचा चहा बघत उभी होती आणि कुणालाच घाई नव्हती. काका शेजारी उभे होते, बसू की जाऊ हे न कळून, हातात तो वेगळा कप घेऊन. रडत होते. लपवतसुद्धा नव्हते.

शेवटचा घोट झाला. मनुभाईंनी बशी कपाखाली नीट ठेवली आणि वर बघितलं. "किती मिनिट थई, टाइमकीपर?"

काकांनी मनगट वळवलं, पण बघितलं नाही. "नाही बघितलं, मनुभाई," ते म्हणाले. "घड्याळ बघायचं राहूनच गेलं."

मनुभाई हसले की नाही, मला सांगता येणार नाही. छत्री घेतली, चहावाल्याला हात केला आणि निघाले. काका त्यांच्या मागे चौकाच्या टोकापर्यंत गेले, काहीतरी बोलले आणि परत आले.

येताना पुन्हा मी काकांच्या मागे स्कूटरवर बसले. वासण्याला पोचलो तर ते गेटच्या पुढे गेले होते, आणि चक्क पाय टेकत टेकत स्कूटर मागे घेतली. वळसा नाही, काही नाही. माझा जीव राहीना. मी विचारलं, "काका, शेवटी काय म्हणालात त्यांना?"

"पुढच्या रविवारी घरी चहाला या म्हटलं. काकूच्या हातचा. टेबलावर."

"मग? ते काय म्हणाले?"

"जोईशुं म्हणाला."

 काकांनी हेल्मेट काढलं, डोळे पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच रडणार आहे आणि समजूत त्यांना काढायची आहे.

"अगं, गेल्या वेळेलाही जोईशुंच म्हणाला होता," ते म्हणाले. "आला ने?"