पाळकसाहेब आणि सणसरचा कावळा

ख्रिस्ती माणूस किती मोकळा असतो, हे आमच्या मंडळीत माझ्याइतकं नीट कुणालाच कळलेलं नाही! बारामतीला उपासनेनंतर चहा पिताना मी हे अनेकांना समजावलं आहे. शेजारच्या सत्यनारायणाचा शिरा खावा का? खावा. शिरा तो शिराच. दसऱ्याला सोनं घ्यावं का? घ्यावं, आपट्याचं पान आहे ते! मी मंडळीचा पंच, त्यामुळे लोक माना डोलावत. नवे पाळकसाहेब मात्र चहात बिस्किट पडल्यासारखे कपात बघत बसत.

माझी कौसल्या प्रभूत निजली, त्याला वर्ष होत आलं तेव्हा शेजारच्या विमलवहिनी कुंपणापाशी आल्या.

"शांतवनभावजी, कौसाक्काला वरीस व्हतंय. तुमच्यात काय करत्यात?"

"प्रार्थना. बारामतीहून पाळकसाहेब येतील. मग जेवण."

"आन् कावळा?"

"आमच्यात कावळा नसतो, वहिनी."

"तुमच्यात नसंल, माझ्यात हाय न्हवं! सख्ख्या भैनीवानी ऱ्हायलो आमी. पोटात काय ठिवून गेली, मला कसं कळावं? मी माझ्या कुंपणापाशी पान ठिवते. कावळा शिवल्याबिगार पाण्याचा थेंब घ्यायची न्हाय."

"ठेवा की!" मी म्हणालो. मोकळा माणूस ना मी! मनातल्या मनात बेत आखला. पान सकाळी, पाळकसाहेब दुपारी. कावळा जेवून जाईल, मग पाळकसाहेब येतील. दोन पाहुण्यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच!

वर्षाच्या दिवशी सकाळीच वहिनींनी पान वाढलं. भात, वरण, बोंबलाची चटणी आणि मी आणलेली नाताळची करंजी. आम्ही लांब बसलो. ऊन कोमट होतं. कारखान्याच्या मळीचा वास हवेत रेंगाळत होता. पानाकडे बघता बघता माझे डोळे जड झाले. वाटलं, हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या घरी चाललं आहे आणि संध्याकाळी मी कौसल्येला याची गंमत सांगणार आहे.

कावळा काही येईना.

वहिनींचे यजमान केशवराव हात कपाळावर धरून बघून आले. "कावळं समदी कालव्यापल्याड गेल्यात. तितं ऊसतोड चाललीय. किडं सोडून तुमचा भात कोन खातंय?"

"गप बसा तुमी!" वहिनी कडाडल्या. "कौसाक्काचं काय तरी ऱ्हायलंय. भावजी, कबूल करा. दुसरं लगीन करनार न्हाय म्हना."

"वहिनी, माझे गुडघे तरी बघा!"

"म्हना!"

म्हणालो. कावळा नाही. रोज दाढी करीन म्हणालो. तिचं शिलाई मशीन कुणाला देणार नाही म्हणालो. भिंतीला चुना लावीन, औषध वेळेवर घेईन, पोरीला फोन करीन... पंचायतीला उभा राहिल्यासारखा मी आश्वासनं देत सुटलो! कावळा सोडा, चिमणीसुद्धा फिरकली नाही.

आणि मग वहिनींचे हात थरथरायला लागले. कपाळावर घाम आला. केशवरावांचं हसू गेलं.

"शांतवनराव, हिला साखरेचा आजार हाय. पान वाढायच्या आदी गोळी घेतलीय, पोटात अन्न न्हाय. आन् ऐकायची न्हाय ती."

"वहिनी, निदान पाणी..."

"कौसाक्का उपाशी आन् मी पिऊ व्हय?"

तेवढ्यात फाटकाशी एम-एटी गाडी फटफटत थांबली. पाळकसाहेब! नको तेव्हा लवकर!

"सलाम, पंच! हे काय चाललं आहे?"

माझा मोकळेपणा कुठं पळाला कोण जाणे. "पाखरांना... घास घालतोय, पाळकसाहेब."

"कुठल्याही पाखराला?"

"काळ्या."

केशवरावांनी सगळं सरळ सांगून टाकलं. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. बिचारे नगरहून शिकून आलेले, मिसरूडही नीट फुटलेलं नाही.

"पंच, मी यात पडलो तर मंडळीतली नवी माणसं विश्वासात अडखळतील."

"आणि ही बाई इथं पडेल, त्याचं काय?" मी म्हणालो. "जेवणाआधी आपण आभार मानतोच. अन्न वाढलेलं आहे, आभार माना. खायला कोण येतं ते तुम्ही कशाला बघता? तुमचे डोळे मिटलेलेच असतात!"

त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

आमच्या पाळकसाहेबांची प्रार्थना म्हणजे आडसाली ऊस, लवकर हाती लागत नाही! ते जगाच्या उत्पत्तीपासून निघाले. मी पंच असूनही डोळे उघडे ठेवले. कालव्याकडून एक कावळा आला. बाभळीवर बसला. मान तिरकी करून आमच्याकडे बघायला लागला. शास्त्र, मंडळी, मोकळेपणा काही डोक्यात उरलं नाही. ये गं, एवढंच.

"आमेन!"

कावळा झेपावला, करंजी उचलली आणि गेला!

"करंजीच नेली!" वहिनी रडत रडत हसल्या आणि केशवरावांनी पुढं केलेलं साखरपाणी गटागटा प्यायल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. धूर गेला म्हणून सांगितलं, पण चूल विझलेली होती. पाळकसाहेबांनी डोळे उघडले तेव्हा केशवराव त्यांच्या पाया पडत होते.

"उठा, उठा! मी काही केलेलं नाही!"

"लई मोठी मानसं असंच म्हनत्यात!"

इथंच थांबलं असतं तर बरं. पण आमच्या सणसरपासून इंदापूरपर्यंत बातमी पसरली की बारामतीच्या पाद्रीबाबाच्या एका मंत्रावर कावळा उतरतो! थोड्याच दिवसांत पाळकसाहेब माझ्या दारात हजर. मागं एक जीप.

"पंच, यांचे वडील गेले, आज दहावा. सकाळपासून कावळा शिवला नाही. आई पाणी घेत नाही. मला न्यायला आलेत." त्यांचा चेहरा पडला होता. "गेलो तर मी कोण ठरतो? नाही गेलो तर त्या आईचं काय? तुम्हीच सांगा, जाऊ का?"

जीपवाला हात जोडून उभा. पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं चहाच्या कपावर मी जे बोलत आलो, त्यातलं एक वाक्य जिभेवर येईल तर शपथ!

"थांबा," मी म्हणालो, "कौसल्येला विचारून सांगतो." आणि उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलोसुद्धा!

तिथं थबकलो. मग परत वळलो. पाळकसाहेबांनी मान खाली घातली होती.

जीपवाला मात्र मोठ्या आशेनं पुढं आला. "काय म्हनल्या?"