घरातली ही आणि शेतातली ही

बावीस वर्षं त्या घरात ‘ही’ एकच होती. नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. "ही म्हणाली", "हिला विचारतो", "ही आली की निघू", एवढ्यात त्याचा सगळा संसार मावायचा. भावाभावांत शेत वाटलं गेलं, पण त्या एका अक्षराला वाटेकरी नव्हता.

म्हणून त्या सकाळी चहा गाळताना "ही काल गार पडली हो, वासही मारायला लागलीये," असं कानावर आलं, तेव्हा गाळणं तिच्या हातात तसंच राहिलं. ती तर शेगडीपुढे घामाघूम उभी होती. नवरा अंगणात फोनवर बोलत होता, आणि ‘ही’ म्हणजे शेताच्या कोपऱ्यातली खताची रास होती.

खरं तर हे तिनंच ओढवून घेतलं होतं. दरवर्षी मका निघाला की नवरा उरलेली ताटं पेटवून द्यायचा आणि दोरीवरचं तिचं धुणं काजळून जायचं. दहा वर्षं तिनं त्याच्यामागे टुमणं लावलं, आणि शेवटी डबा भरून देऊन त्याला एका दिवसाच्या शिबिराला पाठवलं. काडीकचऱ्याचं खत शिकवणाऱ्या तिथल्या माणसाला सगळे खतमास्तर म्हणत. सकाळी गेलेला नवरा संध्याकाळी परतला तो कुणी दुसराच. ताटांचे तुकडे, शेण, हिरवा पाला असे थरावर थर देत त्यानं छातीएवढी रास उभी केली, आणि तिच्यात असा गुंतला की विचारू नका.

पहाटे डोळा उघडला की आधी तिच्याकडे. पोटात लोखंडी सळई खुपसायची, जरा थांबून काढायची, तळहातावर धरून ऊब बघायची. मूठभर काढून दाबायची, ओल बघायची. बायकोच्या कपाळाला आपण शेवटचा हात कधी लावला, हे त्याला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं. भांडी घासताना ती पुटपुटायची,

सवत आली शेतामंदी, तिला नाक ना डोळे
तिच्या पायी माझा धनी, पहाटे उठून पळे

खतमास्तरानं बजावलं होतं, आठवड्याला एकदा रास पालटा, तिला हवा लागू दे. पण नवऱ्याच्या जिवावर येई. "इतकी सुबक बसलीये, मोडवत नाही," म्हणून तो वरून पाणीच मारायचा, चारी बाजूंनी थोपटायचा. आता ती गार पडली होती. उद्या मास्तर चार शेतकरी घेऊन बघायला येणार होते. तोवर ती तापली नाही तर पुन्हा काडी लावू, असं धाकटा दीर आत्ताच म्हणायला लागला होता.

फोनवर बोलत बोलतच नवरा दूध घालायला डेअरीकडे गेला. बायको गोधडी उन्हात टाकायला उठली, तर गोधडी जागेवर नाही. स्वतःच्या जुन्या साड्यांची, हातानं टाके घातलेली. तिच्या मनात पाल चुकचुकली. ती तशीच शेतात गेली.

गोधडी सवतीच्या अंगावर होती. कडा नीट खोचलेल्या.

मग तिनं पदर खोचला आणि दाताळं उचललं. वरचं खाली, आतलं बाहेर, ओढ, फेक, झोड. बावीस वर्षांत न बोललेलं सगळं त्या दाताळ्यानं बोलून घेतलं. धाप लागली तेव्हा समोर रास नव्हती, नुसता पसारा होता. तशी ती घाबरली. हाताला लागेल तसं पुन्हा रचलं, वर गोधडी ओढली आणि मागं न बघता घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठता येईना. नवरा शेताकडे निघालेला, दारातूनच परतला.

"काय होतंय?"

"काही नाही. जा तुम्ही. ती वाट बघत असेल."

तो गेला नाही. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला, मग हात पालथा करून ठेवला, मग पाणी आणलं, खिडकी उघडली. "हवा लागू दे जरा," म्हणाला. "कूस बदल बघू." ही सगळी विद्या कुठून आली ते तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं कूस बदलली.

दहाच्या सुमाराला तिचा भाऊ मोटरसायकलवरून येऊन थडकला, हातात संत्र्यांची पिशवी आणि डोळ्यांत अंगार. नवऱ्याचं फोनवरचं बोलणं डेअरीच्या रांगेतल्यांनी ऐकलं होतं आणि ते गावोगाव फिरत त्याच्यापर्यंत पोचलं होतं.

"दाजी, आमची ताई गार पडली, वास मारतो म्हणे. तुम्ही सळई खुपसता?"

"अरे, ही नव्हे. ती शेतातली."

भाऊ खाली बसला. "म्हणजे शेतातही एक आहे?"

एका शब्दात उलगडा करता आला असता. तिनं तोंडावर पांघरूण ओढून घेतलं. बावीस वर्षांत नवरा इतका घामाघूम झालेला तिनं पाहिला नव्हता, आणि तो तिच्यासाठी झाला होता.

एवढ्यात खतमास्तर शेतकऱ्यांना घेऊन दारात आले. त्या शेतातलीला बघायचंच म्हणून भाऊ सगळ्यांच्या पुढे निघाला. तीही कण्हत मागोमाग गेली. आता पसारा दिसणार, आणि मग पुन्हा तोच धूर, तेच काळं धुणं.

मास्तरांनी गोधडी बाजूला केली. भपकन वाफ निघाली. सळई आत घालून थोड्या वेळानं त्यांनी काढली आणि हात झटकत सोडून दिली.

"वा. गुदमरली होती बिचारी, मोकळी केल्यावर कशी पेटली बघा. मुळापासून पालटलीये. कोणाचा हात?"

नवऱ्यानं राशीकडे पाहिलं. मग बायकोच्या हातांकडे. तळव्यांवर फोड आले होते. ती ते पदराखाली लपवत होती.

"हिचा," तो म्हणाला.

"हिचा म्हणजे?"

"आमच्या हिचा."

भावानं पिशवीतलं एक संत्रं सोलायला घेतलं. नवरा गोधडी झटकून घडी घालू लागला, तशी ती म्हणाली, "राहू दे तिलाच. तिच्या वासाची गोधडी मला नको. मला नवी लागेल."

संध्याकाळी ती ओट्याशी भाजी चिरत होती. अंगणात नवरा मास्तरांशी फोनवर बोलत होता.

"हो, चांगलीच तापली होती. आता शांत आहे. नाही नाही, हिला नाही पालटायचं मास्तर. आहे तशीच बरी आहे."

सुरी थांबली. कोणती, असं विचारायला तिनं तोंड उघडलं, मग मिटून घेतलं, आणि कांदा जरा जास्तच बारीक चिरला.