थोर खेळाडू ओळखण्याच्या तीन कसोट्या

जगातला सर्वांत थोर बास्केटबॉल खेळाडू कसा ओळखायचा, हे मी पाच मिनिटांत सांगू शकतो!

हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळला नाही, हीच मोठी गोष्ट. एरवी मला कशाचीच खात्री नसते. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघायला मी तीनदा परत येतो. बसमध्ये 'पांढुर्णा' असं म्हणतो, की कंडक्टरला वाटतं मी त्यालाच विचारतोय. पण पांढुर्ण्याच्या एका शाळेच्या वाचनालयात मी तीस वर्षं काढली. तिथं खेळांच्या कपाटाला कोणी हात लावत नसे. मला त्याची दया आली आणि मी ते सगळं वाचून काढलं.

माझं दुसरं कर्तृत्व म्हणजे मी जुळवलेलं एकमेव लग्न. सौंसरला माझा चुलतभाऊ पुंडलिकराव, त्याची मुलगी अपर्णा. पांढुर्ण्याला माझे शेजारी मनोहरराव, त्यांचा मुलगा सौरभ. अपर्णाची आधीची तीन स्थळं तिच्या बापाच्या तोंडापायी मोडली होती. हे चौथं. त्यातून या दोघांचं एकमेकांवर मन बसलेलं. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, सकाळी पुंडलिकरावाच्या बायकोनं, जयवंतानं, मला बाजूला घेऊन बजावलं, "भाऊजी, आज हे पार पडलं पाहिजे. तुमच्याच भरवशावर आहे सगळं."

माझ्या भरवशावर! बिचारी.

फेब्रुवारीतला रविवार होता. संत्र्याच्या बगीच्याला लागून पुंडलिकरावाचं घर, अंगणात मांडव, एका कोपऱ्यात आचारी दोनशे माणसांची आलू-वांग्याची भाजी हलवतोय. मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांचा. साडेअकरापर्यंत सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला भीती वाटायला लागली. तेवढ्यात सौरभनं होणाऱ्या सासऱ्याला खूश करायला विचारलं, "बाबा, तुम्ही बास्केटबॉल खेळत होते म्हणे. आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण?"

"आमच्या मोरेश्वरदादाले विचार," पुंडलिकराव म्हणाला. "सगळी पुस्तकं पिऊन बसला आहे तो!"

सगळा मांडव माझ्याकडे वळला. आयुष्यात पहिल्यांदा मला येणारा प्रश्न आला होता!

"कप मोजायचे नाहीत," मी घसा साफ करून म्हणालो. "तीन कसोट्या आहेत. पहिली, ज्याला समोरचा अडवू शकला नाही, तो थोर."

"वा!" पुंडलिकरावानं मांडीवर थाप मारली. "चौऱ्याऐंशी साली छिंदवाड्याच्या फायनलले पांढुर्ण्यावाल्यांनी एक लंबू ठेवला होता मले अडवाले. अठ्ठावीस पॉइंट मारले म्या त्याच्या डोक्यावरून! रडला बिचारा!"

मनोहररावांचा चहाचा कप ओठाशीच थांबला.

"तो लंबू मी होतो," ते म्हणाले. "आणि मी रडलो नाही. तुम्ही डोळ्यात बोट घातलं होतं!"



"बोट? अन् म्या? इवाईबुवा, हरलेला माणूस काहीही बोलते!"

"अबे, हरलो कुठं? रेफ्री तुमच्या गावचा होता!"

व्याही-व्याही पहिल्याच तासाला 'अबे'वर आलेले मी तरी पाहिले नव्हते. मी घाईघाईनं दुसरी कसोटी काढली. "पॉइंट जाऊ द्या हो! खरा थोर तो, ज्याच्यामुळे सोबतचे खेळाडू मोठे होतात. जो पास देतो!"

"हे बरोबर!" मनोहरराव उसळले. "मी पास देण्यासाठीच प्रसिद्ध होतो. थांबा, लोधीखेड्याच्या रवींद्रला फोन लावतो. आमच्याच टीममध्ये होता." आणि त्यांनी फोनचा स्पीकर सुरू केला. "रवींद्र, इथं सगळे ऐकून राहिले. सांग बरं, मी पास कसा देत होतो?"

"पास? तू?" फोन म्हणाला. "मन्या, तीन वर्षं तुझ्यासंग खेळलो, बॉल गरम राहते का थंडा, मले आजही माहीत नाही!"

मांडव हसला. आचारी हसला. पुंडलिकराव तर इतका हसला की त्याचा फेटा सुटला. मनोहरराव लालबुंद होऊन उठले आणि बायकोला म्हणाले, "विजया, चप्पल घाल. आपण निघून राहिलो."

"अहो, पण अंगठी..."

"चप्पल घाल म्हणतो ना!"

अपर्णा माझ्या कानाशी आली. नटलेली, डोळे भरलेले. "मोठे बाबा, माझ्या साक्षगंधाचं काय करून ठेवलं तुम्ही?"

अशा वेळी शहाण्या माणसानं पाया पडावं. मी तिसरी कसोटी सांगितली.

"थांबा! खरा थोर शेवटच्या क्षणी कळतो! छातीत धडधडत असताना जो नेम चुकत नाही, तो!"

मनोहरराव दारातून वळले. "मग होऊनच जाऊ द्या!"

"होऊन जाऊ द्या!" पुंडलिकरावानं फेटा फेकला.

बॉल नव्हता. पण बगीचा होता. तोडणीची उंच शिडी झाडाला टेकवलेली होती. तिच्या वरच्या पायरीला टोपलं बांधलं, पंधरा पावलांवर चुन्यानं रेघ मारली. दोघांनाही पाच-पाच संत्री. पंच कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

पुंडलिकरावाचं पहिलं संत्रं शिडीखालून गेलं. मनोहररावांचं शेजारच्या झाडात शिरलं आणि सोबत आणखी दोन घेऊन खाली आलं. दोघेही साठीचे. एकाचा खांदा कडकडला, दुसऱ्यानं उडी मारली ती नुसती टाचांची. चार-चार संत्री फेकून झाली आणि टोपलं नवऱ्या मुलीसारखं स्वच्छ बसून होतं! बारा वाजले. पुंडलिकरावाचं पाचवंही गेलं. शेवटी मनोहररावांनी डोळे मिटून जोर लावला. संत्रं टोपल्यावरून, झाडावरून, मांडवाच्या कापडावरून गेलं आणि थेट भाजीच्या गंजात पडलं. डुबुक!

"कोण आहे बे तो!" आचारी ओरडला.

"पडला!" मनोहरराव नाचले. "गोल भांड्यात पडला! पॉइंट!"

"गंज म्हणजे टोपलं का? पंच, बोला!"

मी बोलणार तोच फटफटीवर नितीन व्यापारी आला. पुंडलिकरावानं झाडावरची सगळी संत्री महिन्याभरापूर्वीच त्याला विकली होती. आमच्याकडे तीच रीत. एकदा सौदा झाला की तोडणी होईपर्यंत मालकानंही फळाला हात लावायचा नसतो. राखणदारानं त्याला फोन केला असणार.

"काकाजी!" नितीन कळवळला. "माझा माल आहे हा! तुम्ही काय करून राहिले?"

"आम्ही सर्वांत थोर खेळाडू ठरवून राहिलो!" दोघं एका सुरात म्हणाले.

"कोणी सांगितलं असं ठरवाले?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग मनोहररावांनी विचारलं, "सर, निकाल तुम्हीच द्या. इतकं माहीत आहे म्हणजे खेळलेही असाल. कोणत्या टीमकडून खेळले तुम्ही?"

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. खोटं बोलायलाही खात्री लागते.

"मी खेळलो नाही," मी म्हणालो. "बॉल कधी हातातसुद्धा धरला नाही."

दोन्ही व्याही माझ्याकडे बघत राहिले. मग एकमेकांकडे. चौऱ्याऐंशी सालानंतर पहिल्यांदाच त्यांचं एकमत होताना दिसत होतं.

"इवाईबुवा," पुंडलिकराव हळूच म्हणाला, "या माणसाचं ऐकून आपण भांडून राहिलो होतो?"

"आणि माझा खांदा गेला त्याच्यापायी!"

"माझी कंबर गेली! चला आत. मुहूर्त टळून जाईल."

एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, मला वाटेल ते बोलत, दोघं मांडवात गेले. ठीक बारा दहाला अंगठ्या घातल्या गेल्या. टाळ्या मी ऐकल्या, पाहिल्या मात्र नाहीत. नितीनच्या देखरेखीखाली मी शिडीखालची संत्री वेचत होतो.

लग्न मे महिन्यात आहे. परवा पत्रिका आली. खाली दोन्ही व्याह्यांची नावं शेजारी-शेजारी, आणि त्याखाली जयवंतानं पेननं लिहिलं आहे: "भाऊजी, नक्की यावे. कोणी काही विचारलं तर माहीत नाही म्हणावे."

रोज आरशासमोर सराव करतोय. अजून नीट जमत नाही!