अर्ध्या मिठाचा समुद्र

माणसाने आयुष्यात तीन निर्णय पूर्ण विचारांती घ्यावेत : लग्नाचा, घराचा आणि माशांच्या टाकीत पाणी गोडं असावं की खारं याचा. यांतले पहिले दोन लीलाधर मास्तरांच्या वतीने त्यांच्या वडिलांनीच उरकले होते. उरलेल्या एकावर मास्तर तीन आठवडे विचार करत होते आणि त्यांची बायको कोकिळा तीन आठवडे हॉलमधल्या रिकाम्या काचेच्या टाकीवरची धूळ पुसत होती.

मास्तर धुळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत. बावीस वर्षं त्यांनी समुद्र शिकवला होता. प्रत्यक्षात तो दोनदाच पाहिला होता आणि त्यातल्या एकदा ओहोटी होती. तरी समुद्रातले मासे पाळायचं खूळ त्यांच्या डोक्यात समुद्राने नव्हे, साडूने घातलं होतं. साडू प्रेमराज भुसावळला रेल्वेत. त्याच्याकडे गोड्या पाण्यातले गोल्डफिश होते आणि त्यांचा फोटो रोज सकाळी घरच्या ग्रुपवर पडायचा. एकदा फोटोखाली त्याने लिहिलं, 'धुळ्यात माणसांना आठ दिवसांनी पाणी. मासे पाळणं साडूभाऊंचं काम नाही.'

मास्तरांनी तिथल्या तिथे उत्तर ठोकलं, 'आम्ही समुद्रातले पाळतोय. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी बघायला या.'

प्रेमराजने अंगठा पाठवला. मास्तरांचं नाक त्या अंगठ्याखाली आलं.

माशांच्या दुकानाचा मालक झुलाल प्रामाणिक माणूस होता. "सर, पहिल्यांदाच करताय ना? मग गोडं घ्या. गप्पी घ्या, मॉली घ्या. तुमच्या चार चुका पोटात घालतील बिचारे."

"आणि खारं?"

"खाऱ्याला चूक चालत नाही. मिठाचं माप रोज बघा, आपल्या या उन्हाळ्यात पाणी गार ठेवा, आधी महिनाभर टाकी नुसती मुरू द्या. त्याचं खास मीठसुद्धा मुंबईहून येतं."

"मीठ ते मीठ!" मास्तर म्हणाले. समुद्रात लिटरला पस्तीस ग्रॅम, हे ते झोपेतसुद्धा सांगत. मासे नंतर येतील, रविवारी निदान समुद्र तरी तयार दिसावा, असा विचार करून त्यांनी येताना वाण्याकडून जाड्या मिठाच्या तीन पुड्या घेतल्या.

शुक्रवारी नळ आला. नळाच्या दिवशी घरात रिकामं भांडं दिसलं तर कोकिळाला ते पाप वाटे. ड्रम, हंडे, कुकर, मास्तरांचा डबा सगळं भरून झाल्यावर तिने काचेची टाकीही काठोकाठ भरली आणि ती शेजारी नळी द्यायला गेली. मास्तरांनी पहिली पुडी ओतली. दुसरी अर्धी ओतली आणि झुलाल आठवला. हात थांबला. इथे थांबलं तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात, असा त्यांनी हिशोब केला. पाणी ढवळून स्वच्छ झालं, पुड्या कपाटामागे गेल्या, आणि कोकिळाला यातलं काही कळलं नाही.

तो रविवार बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा होता. ज्वारीचं पीठ तीन दिवस भिजलेलं, गल्लीतल्या चार घरांचं एकत्र. हे पीठ कुणासाठी थांबत नाही. त्या दिवशी ते शिजवून त्याचा घाटा झाला नाही, तर वर्षाचे बिबडे गेले. गच्चीवर चूल पेटली, बायका जमल्या, आणि खाली पेपर वाचणाऱ्या मास्तरांचं लक्ष टाकीकडे गेलं. टाकी अर्धी झाली होती.

ते दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेले. "टाकीतलं पाणी कुठे गेलं?"

"घाट्यात," कोकिळा पातेल्यात लाटणं फिरवत म्हणाली. "ड्रममधलं पुरेना. निम्मं ते, निम्मं हे. का हो? तुमचं तर अजून ठरायचंच होतं ना?"

मास्तर पातेल्याकडे सरकले. तेवढ्यात द्रौपदाबाई अक्कांनी मिठाची वाटी उचलली. गल्लीत चाळीस वर्षं घाट्यात मीठ टाकायचा मान अक्कांचा. त्यांच्या हाताला कुणी किती म्हणून विचारत नसे. चार घरांचे बिबडे त्या वाटीखाली होते. खरं सांगावं तर पिण्याचं पाणी नासवल्याबद्दल घरात राहणं मुश्कील. न सांगावं तर गल्लीत.

"अक्का, थांबा!" मास्तर ओरडले. "आधी... चाखून बघा."

बायकांनी माना वळवल्या. गेल्या चाळीस वर्षांत असं बोलायची कुणाची छाती झाली नव्हती.

"तू माले शिकाडस का रे मास्तर?" अक्कांनी वाटी खाली ठेवली आणि तडकाफडकी बोटभर घाटा तोंडात घातला. त्यांचा चेहरा बदलला. "मीठ कोनी टाकं व?"

"मी नाही." "मी तर जिरं निवडत होते." "अक्का, तुमच्याशिवाय कोण हात लावणार?"

मास्तरांनी आकाशाकडे पाहिलं. अक्कांनी मास्तरांकडे पाहिलं. "मंग मीच टाकेल व्हई," त्या सावकाश म्हणाल्या. "वय व्हयनं. पन बठ्ठं बरोबर शे. चांगला लागस."

मास्तरांनी इतका मोठा श्वास सोडला की चुलीतली राख उडाली. खाली जाताना अक्का त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "टाकीमानं पानी चाखेल शे मी सकाये. तू सांगस का नही, तेच देखत व्हतू." आणि पुढे गेल्या.

उरलेलं पाणी मास्तरांनी गुपचूप ओतून दिलं, त्यामुळे संध्याकाळी प्रेमराज आला तेव्हा टाकी कोरडी होती. कोकिळाने त्याच्यापुढे तेल घातलेला घाटा ठेवला. तो खात होता आणि मास्तर मासे का नाहीत याची चौथी सबब जुळवत होते.

"साडूभाऊ," प्रेमराजच आधी बोलला, "तुमचा समुद्र बघावा लागणार म्हणून रात्रभर झोप नव्हती मला. माझे मासे दिवाळीतच गेले."

"आणि रोजचे फोटो?"

"जुने. टाकीत हिने तूरडाळ भरलीय." त्याने वाटी पुढे केली. "अजून आहे का हो? मीठ फार छान पडलंय."

धुळ्याच्या टाकीत आता बिबडे आहेत. काच असल्याने किती संपले ते दिसतं.