पंचाहत्तर मीटरचं पाणी

जमिनीखाली काय दडलंय ते मला ऑफिसातल्या खुर्चीत बसून दिसतं, असं मी सासरी छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. तशी ही थाप नव्हती! आमचं हेलिकॉप्टर खाली तारेचं भलंमोठं कडं लोंबकळवत उडतं, जमिनीत विजेच्या लहरी सोडतं, आणि जमीन जे उत्तर देते त्यावरून मी कॉम्प्युटरवर तिच्या पोटातले थर मांडतो. घरातलं मात्र मला काही कळत नाही, असं बायकोचं मत. नुकतंच तिने विचारलं होतं, "पडदे निळेच घ्यायचे ना?" मी म्हणालो, "निळेच."

तिचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे दादा, रोपवाटिका चालवतात. त्यांची विहीर आटली होती आणि हजारो रोपांनी माना टाकायला सुरुवात केली होती. तीस वर्षं जपलेला पसारा तो. योगायोगाने आमचं हेलिकॉप्टर नेमकं त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं. मी म्हटलं, काळजी सोडा, पाणी मी दाखवतो.

आता या कॉम्प्युटरला गणित सुरू करायला आपला एक अंदाज आधी भरून द्यावा लागतो. मग कॉम्प्युटर मोजमापाशी ताडून पाहत तो अंदाज सुधारत नेतो. मी दादांनाच विचारलं. ते म्हणाले, पंचाहत्तर मीटरवर असावं. मी पंचाहत्तर भरले. अर्ध्या तासात उत्तर आलं: पंचाहत्तर! दादांना इतकं भरून आलं की दुसऱ्याच दिवशी बोअरची गाडी दारात उभी.

दहा मीटरवर चिकणमाती लागली ती काही संपेचना. पंचाहत्तर आले आणि गेले. नव्वदला बोअरवाल्याने हात झटकले. दादा उलट मलाच धीर देत होते. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑफिसातल्या वरिष्ठ मॅडमनी एवढंच विचारलं, की अंदाज काय भरला होतास? मग त्यांनी स्वतः दोनशे भरले. उत्तर दोनशे. चारशे भरले. चारशे!

"चिकणमातीत वीज जिरून जाते," त्या म्हणाल्या. "खालचं याला काही दिसत नाही. आणि दिसत नसलं की आपण भरलेलंच तो परत देतो."

म्हणजे दादांचाच अंदाज मी विज्ञानाचा शिक्का मारून त्यांच्या हातात ठेवला होता! पण एक गोष्ट, काहीही भरलं तरी, जागची हलत नव्हती. रोपवाटिकेच्या कोपऱ्यात वीस मीटरवर, त्या मातीतच, वाळूगोट्यांचा, म्हणजे पाणी धरून ठेवणारा, एक लहानसा पट्टा दिसत होता. किरकोळ म्हणून मी तो सोडून दिला होता.

मी जाऊन दादांना सगळं खरं सांगितलं. ते उठून त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

"खणू या, जावईबापू. फक्त या वेळी माझं मत विचारू नका."

एकविसाव्या मीटरला पाणी लागलं. धार बारीक होती, पण थांबली नाही. दादा तिच्याखाली हात धरून उभे राहिले आणि खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले.

घरी येऊन बायकोला सगळी हकीकत ऐकवली. ती शांतपणे पडद्यांकडे पाहत होती. ते लागल्यापासून आमची खोली माशांच्या टाकीसारखी दिसते.

"म्हणजे हे निळे तू नव्हतेच निवडले," ती म्हणाली. "मग आता हिरवे लावू या ना?"

मी म्हणालो, "हिरवेच."