चिमूटभर केमोकाइन

छत्रपती संभाजीनगरच्या वाढीव हद्दीत, जिथं नळ पोहोचला नव्हता पण नळयोजनेचा फलक पोहोचला होता, तिथल्या एका संशोधन संस्थेत ऐन दुष्काळात एक बाटली दाखल झाली. बाटली करंगळीएवढी. आत मानवी केमोकाइन, म्हणजे जिवाणूंकडून बनवून घेतलेलं माणसाचं प्रथिन. शरीरात जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ‘इकडं या’ म्हणून हाक मारायची, एवढंच त्याचं काम. संशोधक सृष्टीनं सकाळीच स्वतःचं रक्त काढून पेशी तयार ठेवल्या होत्या. त्या संध्याकाळपर्यंतच जगणार होत्या आणि तिचं दोन वर्षांचं काम त्यांच्यावरच अवलंबून होतं.

भांडारप्रमुख नानासाहेबांनी बाटली उजेडात धरली. "रिकामी आहे."

"सर, प्रथिन वाळवून पाठवतात. इतकं थोडं असतं की दिसत नाही."

"मॅडम, उन्हाळाभर मी टँकर उतरवून घेतोय. न दिसणारा माल मला शिकवू नका."

मग रीतसर तपासणी झाली. नानासाहेबांनी झाकण उघडलं, बाटली उलटी करून टेबलावर आपटली, आत रुमालाचं टोक फिरवलं. रुमाल कोरडा निघाला. सृष्टी किंचाळलीच, कारण बाटली आता खरोखर रिकामी झाली होती. शेरा पडला: ‘माल निरंक. पुरवठादारास परत.’

पार्सल बांधायला बाटली शिपाई भागूबाईंकडं गेली. रवानगीपूर्वी रिकामेपणाची अंतिम खातरजमा करावी लागते. ती करताना नानासाहेब दचकले. आत पांढरे दाणे!

"साखर हाय ती," भागूबाई म्हणाल्या. "रिकामं भांडं कुणी माघारी धाडतं व्हय? बरं दिसत नाय."

"तुम्ही गप्प बसा. मागणीत पांढरा कोरडा पदार्थ लिहिलाय, इथं पांढरा कोरडा पदार्थ दिसतोय. माल प्राप्त!"

"अहो, साखर आहे ती! माझं सगळं काम मातीत जाईल!" सृष्टीला रडू फुटलं.

"माल मिळूनही प्रयोग केला नाही, तर जबाबदारी तुमची."

बिचारीनं केला. संचालक आप्पासाहेब जातीनं हजर राहिले. पेशी ढिम्म हलल्या नाहीत आणि संध्याकाळी मेल्या. पण टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग चढली आणि थेट काचेच्या बशीत उतरली.

आप्पासाहेबांचा चेहरा खुलला. "हाक मारली, धावून आलं. अजून काय पाहिजे?"

"सर, या मुंग्या आहेत!"

"मग तर यश अपेक्षेपेक्षा मोठं! पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. हे उघड्या डोळ्यांनी दिसतंय."

आता बोला! सत्कार झाला. सृष्टीला शाल मिळाली, भागूबाईंना पुढच्या सगळ्या बाटल्या भरायचं काम. पेपरात बातमी आली: ‘आपल्या शहराचं गोड संशोधन, जग थक्क!’ फोटोत सृष्टी हमसून रडत होती. खाली ओळ होती, ‘आनंदाश्रू अनावर’.

शंका कुणालाच आली नाही? आली असेलही. पण वाचायच्या आधीच ‘अभिमान वाटतो!’ लिहून ती बातमी घरच्या ग्रुपवर कुणी ढकलली, ते मोबाइल उघडून एकदा बघा. नाव तुमचंच आहे.