गळका कारभारी

“हे कुणाला खरं वाटायचं न्हाई, आन वाटावं आसा माझा हट्ट बी न्हाई,” गिरणीच्या पायरीवर फतकल मारत ज्योतिबाआबांनी जाहीर केलं, “पर साऱ्या पाटण तालुक्यात कंप्युटर नावाचं जनावर पयल्यांदा बघितलं ते म्या.”

गिरणी बंद होती. सकाळी नऊला लाइट गेली होती आणि आता तीन वाजत आले होते. दळणाचे डबे दाराशी ओळीनं बसले होते, डब्यांमागं त्यांची माणसं. आबांचा डबा पहिला. बनुबाईची पाटी पाचवी, म्हणजे शेवटची. तिच्या विजयमालाला बघायला पाहुणे संध्याकाळच्या एसटीनं यायचे होते, घरात चपातीपुरतं पीठ नव्हतं, आणि गिरणीच्या पट्ट्याकडं ती अशी रोखून बघत होती की त्यानं निदान लाजून तरी फिरावं.

“आबा, तुमची पाळी मला द्या की. पावणं यायचं हायती.”

“पाळी कुणाला देत नसत्यात. पाळीचा घोळ झाला की काय हुतं ते म्या फलटणकडच्या कारखान्यावर वॉचमन व्हतो तवा बघितलंय. तेच सांगतुया. यातलं एक खोटं काढून दाव, पयली पाळी तुझी.”

“एकच?” गिरणीवाला सिद्धू हसला. “वैनी, घ्या पैज. खोटं वेचायला बसलं तर आबांची गोष्ट रिकामी व्हायची.”

“नुसतं खोटं हाय म्हणून चालायचं न्हाई,” आबा म्हणाले. “दाखवून द्यायचं. पंच सिद्धू.”

तर तीन वर्षांमागं त्या कारखान्यात दोन कपाटांएवढा कंप्युटर आला. काम एकच: कुणाचा ऊस कधी तोडायचा, त्या पाळीची यादी छापायची.

“साखरंच्या कारखान्यात कंप्युटर? खोटं!” बनुबाई म्हणाली.

“का? माणसानं यादी केली की चेअरमनचा ऊस पयला. यंत्राला भाऊबंद नसत्यात.”

सिद्धूनं विचार केला आणि मान हलवली. पंचाला ते पटलं.

यंत्राबरोबर पुण्याहून एक साहेब आला होता. त्यानं चेअरमन लालासाहेबांना खालच्या आवाजात सांगितलं, “यात एक बारीकशी गळती आहे. म्हणजे असं बघा, यंत्राच्या आत सगळी कामं वाटून देणारा एक कारभारी असतो. एक नाव हातात घेतलं की तो त्याला जागा देतो. काम झालं की ती जागा मोकळी करायची. हा करतो, पण सगळी नाही. थोडी अडकूनच राहते.”

“म्हंजी इसरतो?”

“उलट. सोडत नाही. तीच गळती.”

“आमच्या आईसाबांवानी,” लालासाहेब म्हणाले. त्यांच्या लग्नातल्या मानपानाचा एक रुसवा आईसाहेबांनी अजून जपून ठेवला होता. “मग शेतकऱ्याचं काय नुकसान?”

“काहीच नाही. शंभर नावांमागं सुपारीएवढी जागा. संध्याकाळी बटण बंद केलं की सगळं पुसून जातं. सकाळी पाटी कोरी.”

बटणाची जबाबदारी दादासोवर होती. दादासो लष्करातनं हवालदार म्हणून पेन्शनीत आलेला. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला कंप्युटरला सलाम ठोकून बटण बंद करायचा. दोन महिने कुणाला गळतीची आठवणही झाली नाही.

मग नवरात्र तोंडावर आलं. लालासाहेबांच्या आई साळूबाई कारखाना बघायला आल्या. यंत्राच्या कपाळावर न मिणमिणता जळणारा तांबडा दिवा त्यांनी बघितला आणि हात जोडले. दुसऱ्या दिवशी कंप्युटरपुढं पत्रावळीवर माती, मातीत धान्य आणि त्यावर घट बसला. नंदादीप वेगळा लावायची गरजच नव्हती.

“आईसाब, सांजंला हे बंद करावं लागतंय,” दादासो म्हणाला.

“घट बसल्यावर दिवा इझवणार? तुला पोरंबाळं हायती न्हवं?”

दादासोनं लालासाहेबांकडं बघितलं. लालासाहेबांनी छताकडं बघितलं. दादासोनं मग घटाला सलाम ठोकला आणि बटणावर पुठ्ठा बांधला.

पहिले दोन दिवस काहीच फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी एक नाव छापायला तंबाखू मळण्याइतका वेळ लागला. पाचव्या दिवशी दादासो एक नाव घालून घरी जेवून आला, तरी यंत्र विचारातच. साळूबाई म्हणाल्या, “ध्यानाला बसलंय.” आठव्या दिवशी आत इतकी अडगळ झाली की कारभाऱ्याला पाय ठेवायला जागा उरली नाही. लालासाहेब हे नाव घातलं, मावलं नाही. बाळासो घातलं, तेही मावलं नाही. शेवटी साऱ्या सभासदांत ज्याचं नाव सगळ्यांत आखूड, तेवढंच आत बसलं: गुंडा.

दसऱ्याला गाळपाची पहिली मोळी टाकायचा मुहूर्त होता. यादी छापून आली. पहिली पाळी गुंडा. दुसरी गुंडा. एकशेचाळिसावी पाळी, गुंडा.

“कायतरी चुकलंय,” लालासाहेब म्हणाले.

“देवीम्होरं छापलंय,” साळूबाई म्हणाल्या. “चुकंल कसं?”

गुंडाचा ऊस होता सगळा दहा गुंठे. दसऱ्याच्या सकाळी तो दात घासत बाहेर आला तर दारात एकशेचाळीस बैलगाड्या. गाडीवानांनी यादी दाखवली. पुढचं बोलणं व्हायच्या आत ऊस संपला. मागच्या गाड्यांना उसाचं एकेक टिपरू आलं. ते मधोमध बांधून, झुली घातलेल्या बैलांनी वाजतगाजत वजनकाट्यावर नेलं. उरलेल्या गाड्यांना काहीच मिळालं नाही. पण पाळी तर होती! त्यांनी गुंडाच्या घरावरचं पाचटाचं छप्पर उतरवलं.

“आवं, माझं घर हाय ते!” गुंडा ओरडत होता.

“यादीत तुजंच नाव हाय न्हवं? मग आम्हास्नी कशाला इचारतोस?”

“आन सांगतो तुमाला,” आबा म्हणाले, “त्या छपराचा साखर उतारा आला साडेअकरा टक्के.”

“खोटं! छपराची साखर हुती व्हय?” बनुबाई उसळली.

“पाचट उसाचंच हाय की गं. तू गाळून बघितलंस का कवा?”

बनुबाईनं बघितलं नव्हतं. सिद्धूनं नाइलाजानं मान हलवली. बनुबाई पुन्हा खाली बसली. एसटीला दीड तास उरला होता.

संध्याकाळी घट उठला. दादासोनं पुठ्ठा सोडला, बटण बंद केलं, दहा आकडे मोजले आणि पुन्हा चालू केलं. पानसुपारी होईतोवर एकशेचाळीस नावांची सरळ यादी बाहेर पडली. लालासाहेबांनी गुंडाच्या घरावर पत्रे घालून दिले. पुण्याच्या साहेबाला पत्र गेलं, त्याचं उत्तर आलं: गळती किरकोळ आहे, वापरणाऱ्यानं मनावर घेऊ नये.

“म्हनं किरकोळ!” आबांनी मांडीवर थाप मारली. “सुपारी सुपारीनं माणसाचं छप्पर गेलं. का? तर नऊ दिवस आन नऊ राती त्यो तांबडा दिवा डोळ्याचं पातं लवंस्तोवर सुदिक इझला न्हाई. ह्या डोळ्यांनी बघितलंय. निघालं का कुठं खोटं?”

तेवढ्यात खांबावर काहीतरी चर्रर्र झालं, आतला बल्ब पेटला, पट्ट्यानं आळस दिल्यासारखा हिसका घेतला आणि गिरणी फिरायला लागली. सगळे धडपडत उठले. सिद्धूनं आबांचा डबा उचलला.

“थांबा, भावजी.”

बनुबाई बल्बकडं बघत होती. मग तिनं सिद्धूच्या हातातला डबा काढून घेतला, ओळीच्या शेवटाला नेऊन ठेवला आणि आपली पाटी सिद्धूपुढं धरली.

“आबा, कंप्युटर खरा. घट खरा. छपराची साखर बी खरी, जावा. पर ह्या जिल्ह्यात नऊ दिवस लाइट गेली न्हाई म्हणता? आवं, कोयनेच्या दारात बसून आपण सकाळी नऊपासनं कशाची वाट बघत व्हतो? हितं रोज आपसूक बटण बंद हुतंय. त्या तुमच्या कारभाऱ्याला गळाया सवड तरी कवा घावली?”